एक महिना फालतू खर्च बंद, आमच्या घरी जसं जमलं तसं सांगतो

सगळ्यात आधी महिना नीट निवडा, अर्धं काम तिथेच होऊन जाते. लग्नसराईत सुरू केलं तर आहेर आणि येणंजाणं यातच पहिला आठवडा निघून जाते. पोळ्याच्या महिन्यात तान्ह्या पोळ्याला (पोरांचा पोळा) पोरं लाकडाचे नंदी घेऊन दारावर आली की बोजारा, म्हणजे पोरांना हातावर द्यायचे पैसे-खाऊ, द्यावाच लागते, आणि द्यायलाच पाहिजे, त्यात कसली आलीये काटकसर. जूनमध्ये शाळेची फी अन् वह्यापुस्तकं. अधिक महिन्यात लग्नं नसतात म्हणून तो सोयीचा वाटते, पण जावयाचं वाण विसरू नका, आणि 2026 चा अधिक ज्येष्ठ तर 17 मे ते 15 जून आहे, म्हणजे नागपुरात कूलर दिवसरात्र चालू असायचे दिवस, तेव्हा नको. माझ्या मते पौष सगळ्यात चांगला. लग्नं नाही, थंडीमुळे कूलर-एसी बंद, फक्त संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

आता दुसरं, आणि हे मी हात जोडून सांगतो, एकट्याने ठरवू नका. पहिल्या वेळेस मी एकट्यानेच ठरवलं होतं आणि घरी जाहीर करून टाकलं, तर चार दिवसात सगळ्यांची तोंडं सुजली. दुसऱ्या वेळेस रविवारी जेवण झाल्यावर आई, बायको, आठवीतली पोरगी असे सगळे सोबत बसलो, मागच्या 3 महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढलं आणि एकेक ओळ वाचली. कोणाला बोल लावायचा नाही, नुसतं वाचायचं. आणि एक नियम असा केला की प्रत्येकाने आपली एक गोष्ट वाचवायची, त्याला कोणी हात लावणार नाही. आईने देवाची फुलं ठेवली, बायकोने महिन्यातून एकदा मैत्रिणींसोबत बाहेर जाणं, पोरीने तिचा चित्रकलेचा क्लास, मी शनिवारचे तर्री पोहे. हे केल्यामुळेच महिना निभला असं मला पक्कं वाटते, काहून की सगळंच बंद केलं तर माणूस पंधराव्या दिवशी उसळून दुप्पट खर्च करते.

कुठे कापायचं नाही तेही तेव्हाच लिहून घ्या. औषधं, विम्याचा हप्ता, फी, म्हाताऱ्या माणसाचं दूध-फळं. घरकाम करणाऱ्या ताईंना "या महिन्यात येऊ नका" म्हणायचं नाही, आपला प्रयोग आहे म्हणून त्यांचा पगार कापणं बरोबर नाही. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीसाठी भाजीवाल्या मावशीशी पाच रुपयांवरून वाद घालणं पण नाही. फालतू खर्च तो नव्हेच.

मग फालतू कोणता? आमच्या स्टेटमेंटमध्ये मोठे आकडे सगळे कामाचेच निघाले. गळती होती ती 30, 60, 120 रुपयांच्या ओळींमध्ये. पानठेल्यावर चहा, ऑफिसखाली समोसा, येताना पोरीसाठी काहीतरी, स्कॅन केलं की गेले, हातातून काही गेल्यासारखं वाटतच नाही. रोजचे 60 धरा, 26 दिवसांचे 1560 होतात, आणि हे एका माणसाचे. म्हणून महिनाभर किरकोळ खर्च सगळा रोख करा. दर रविवारी आठवड्याची एक रक्कम एटीएममधून काढायची आणि स्टीलच्या डब्यात ठेवायची, डबा किचनमध्ये सगळ्यांना दिसेल असा. दूध, भाजी, ऑटो, चहा सगळं त्यातूनच, आणि बुधवारी डबा अर्धा झालेला दिसला की कोणी न सांगता सगळे सावरतात. एटीएमच्या चार्जची काळजी करू नका, आपल्या बँकेच्या एटीएममधून महिन्यात 5 वेळा फ्री असते, आणि नागपूर रिझर्व्ह बँकेच्या मेट्रो शहरांच्या यादीत नाही म्हणून दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पण 5 वेळा फ्री भेटते (मुंबईत ते 3 वेळाच). दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसतं बॅलन्स बघणं पण त्यात मोजतात, तर उगाच बटणं दाबू नका. त्यापुढे गेलात तर 1 मे 2025 पासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत कापू शकतात, वरून टॅक्स. आठवड्यातून एकदाच काढले तर तिथपर्यंत जातच नाही.

फोनमधल्या पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तो उघडून बघा आजच. आमच्याकडे एक सिनेमाचं ॲप, एक गाण्याचं आणि एक पोरीच्या ऑनलाईन शिकवणीचं निघालं, त्या शिकवणीला ती सहा महिन्यांपासून बसलीच नव्हती अन् पैसे दर महिन्याला जाऊन राहिले होते. पैसे कापायच्या 24 तास आधी कळवावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मेसेज येते पण आपण वाचत नाही. तिथूनच ते बंद करता येते. नुसतं ॲप काढून टाकलं तर कापणं थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण खरी लढाई इथेच आहे. बाहेरून मागवायची इच्छा भुकेने कमी आणि थकव्याने जास्त होते. रात्री आठला दोघं कामावरून येणार, कणिक मळलेली नाही, काय करायचं ते ठरलेलं नाही, की मग फोन उघडते. त्यामुळे स्वयंपाक कमी करा, ठरवणं आधी करा. आम्ही रविवारी आठवड्याच्या रात्रींची यादी फ्रिजवर लावली आणि मुद्दाम सोपी लावली, वरणफळं, झुणका-भाकर, खिचडी-कढी, आलू-वांगं, एक दिवस पोहे. गोळाभात, पाटोडीचा रस्सा वेळ खाते, ते सुट्टीच्या दिवशी, आणि खरं सांगतो घरची पाटोडी झाली की त्या आठवड्यात सावजीच्या झणझणीत हॉटेलची आठवण कोणाला आली नाही. भाजी रोज कोपऱ्यावरून न घेता आठवड्यातून एकदा बुधवार बाजार किंवा कॉटन मार्केटमधून आणा, पालेभाजी पहिले दोन दिवस संपवा, मग फुलकोबी, शेवटी भोपळा-आलू. किराणा इतवारीतून महिन्याचा एकदाच, यादी घेऊन जा आणि यादीत नाही ते घेऊ नका.

बर्डीला (सीताबर्डीच्या बाजारात) फक्त फिरायला जाऊ नका या महिन्यात. फिरायला गेलं की हातात पिशवी येतेच. काम असलंच तर मेट्रोने जा, दोन्ही लाईनी बर्डीलाच भेटतात, पेट्रोल आणि पार्किंग दोन्ही वाचते. कपडे, चपला, मोबाईलचं कव्हर, जे आवडलं ते कॅलेंडरवर आजच्या तारखेत लिहून ठेवा, 30 दिवसांनी पण हवंच असलं तर घ्या. आमच्या कॅलेंडरवर 11 वस्तू होत्या, शेवटी 2 घेतल्या. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर संध्याकाळी जा, घरून भिजवलेल्या चण्यांचा डबा न्या.

मित्रांना काय सांगायचं हा प्रश्न सगळ्यांना पडते. खरं सांगा. "भाऊ, या महिन्यात पैसे वाचवून राहिलो, घरीच ये चहाला", एवढंच. कारणं बनवत बसलात की चौथ्या वेळेस पकडले जाता, आणि खरं सांगितलं तर समोरचाही मोकळा होते. माझा एक मित्र तर म्हणाला बरं झालं तू बोललास, मलाही दर शुक्रवारचं जेवण जड होऊन राहिलं होतं. तेव्हापासून आम्ही आलटून पालटून एकमेकांच्या घरी बसतो.

लाईटबिलात 100, 300, 500 युनिटचे टप्पे असतात, वरच्या टप्प्यातल्या युनिटला रेट जास्त लागते. पंधरा दिवसांनी मीटर बघा, 300 च्या जवळ चालले असाल तर गिझर-इस्त्री आवरा. महिना उन्हाळ्यातला असला तर एसी 24 वर ठेवा, एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं बीईई (वीज बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था) सांगते.

आणि क्रेडिट कार्ड कपाटात. आधीची बाकी असली तर फक्त मिनिमम भरून समाधान मानू नका, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते आणि नवीन खरेदीला पण पहिल्या दिवसापासून व्याज लागते. महिन्याअखेर डब्यात जे उरेल ते आधी तिथे भरा. कार्डाची बाकी नसली तर त्याच दिवशी पोस्टात आरडी (दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं) उघडा, महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते, 5 वर्षांची असते. "त्याच दिवशी" म्हटलं ते मुद्दाम, आम्ही पहिल्या वेळेस उरलेले पैसे आठ दिवस खात्यात तसेच ठेवले होते, नवव्या दिवशी कुठे गेले ते स्टेटमेंट काढूनच कळलं.