रसवंतीच्या चिपाडाने पाण्यातला रंग काढताना

आधी रंग कोणता ते बघा. उसाच्या चिपाडाच्या तंतूंवर पाण्यात ऋण भार येतो, त्यामुळे धन भाराचे रंग त्याला पटकन चिकटतात: मेथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, ॲक्रिलिक लोकरीचे बेसिक रंग. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋण भाराचेच, वर त्या पाण्यात भरपूर मीठ. तिथे कच्चं चिपाड वापरण्यात वेळ घालवू नका.

चिपाड त्याच दिवशीचं घ्या, शिळं आंबतं. बोटभर तुकडे करून अर्धा तास उकळा आणि पाणी ओतून द्या. वरचं पाणी पिवळट दिसेनासं होईपर्यंत, साधारण तीन-चार वेळा, हेच करा. इथे कंटाळा केलात तर उरलेली साखर पाण्यात उतरते. रंग जातो, पण सीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण दाखवणारा आकडा, वाढतो. मग कडक उन्हात वाळवून मिक्सरमध्ये दळा आणि अर्धा ते एक मिलिमीटरचा भुगा चाळून घ्या. पिठासारखा बारीक भुगा रंग लवकर धरतो, पण तळाशी बसत नाही.

चाचणीसाठी लिटरभर पाण्यात 50 मिलिग्रॅम मेथिलीन ब्लू विरघळवा. हातमोजे घाला, नाहीतर बोटं दोन दिवस निळी. 200 मिलिलिटरच्या पाच बाटल्या भरा. चारांत 0.2, 0.4, 0.6, 0.8 ग्रॅम भुगा टाका, पाचवी तशीच ठेवा. सामू (pH) 7 च्या आसपास असू द्या. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन रंगाची जागा अडवतात. दोन तास हलवत राहा आणि दर अर्ध्या तासाने नमुना काढा.

नमुना फिल्टर पेपरमधून गाळू नका! कागद म्हणजे सेल्युलोजच, तोच निळा होतो आणि चिपाडाला फुकटचं श्रेय मिळतं. निथळून वरचं पाणी घ्या. पाचवी बाटली त्यासाठीच आहे: काचेने किती रंग खाल्ला ते तिच्यातून कळतं.

वर्णमापी (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) 664 नॅनोमीटरवर लावा, मूळ द्रावण दहापट पातळ करून. यंत्र नसेल तर लिटरमागे 1, 2, 5, 10 मिलिग्रॅमची द्रावणं सारख्याच बाटल्यांत भरून पांढऱ्या कागदासमोर ताडून बघा. हिशेब सोपा आहे. 0.4 ग्रॅमच्या बाटलीत लिटरमागे 5 मिलिग्रॅम रंग उरला, तर 50 मधून 5 गेले, 45 उरले; 45 गुणिले 0.2 लिटर भागिले 0.4 ग्रॅम, म्हणजे ग्रॅममागे 22.5 मिलिग्रॅम. पाचव्या बाटलीत घट दिसली तर ती 45 मधून आधी वजा करा.

निळा झालेला भुगा खतात किंवा गुरांपुढे टाकू नका. सौम्य आम्लात धुतला तर बराच रंग सुटतो, पण मग तेच रंगीत पाणी, फक्त जास्त दाट, पुन्हा तुमच्या हाती. त्यापेक्षा वाळवून बंद पिशवीत भरा आणि घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्या.