बागेतल्या रोपाला मडक्याचं पाणी

पावसाळ्यात बागेत हौसेने लावलेली रोपं एप्रिल-मेच्या उन्हात करपतात, कारण रोज पाणी घालायला कुणालाच जमत नाही. नेरूळ-वाशीला सकाळी बागेत फिरणाऱ्या चार शेजाऱ्यांना सहज झेपेल असा हा उपाय आहे: रोपाजवळ मातीचं मडकं पुरायचं, त्यातून पाणी हळूहळू मुळांकडे झिरपत राहतं.

१. चार-पाच लिटरचं साधं मातीचं मडकं आणा. रंगवलेलं अजिबात नको, त्यातून पाणी झिरपत नाही.
२. रोपापासून वीतभर अंतरावर, तोंड बोटभर वर राहील असं पुरा.
३. मडकं भरून वर घट्ट झाकणी ठेवा, नाहीतर डासांची पैदास होते.
४. दर ३-४ दिवसांनी झाकणी उघडून बघा, कमी झालं असेल तेवढं भरा. पाळ्या लावून घेतल्या की कुणावरच भार येत नाही.

भोवती बागेतलाच पालापाचोळा पसरा, ओल जास्त टिकते. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मडक्यात ओतू नका, पाणी झिरपायची त्याची बारीक छिद्रं बुजतात. ते सरळ आळ्यात घाला.

खणण्याआधी मात्र माळीकाकांना विचाराच. जमिनीखाली पाण्याचे पाइप आणि दिव्यांच्या वायरी असतात, आणि त्या कुठून गेल्यात हे त्यांना ठाऊक असतं.