पुढचं सस्पेन्शन: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

सोलापुरात होटगी रोडवर गाडी चालवताना पुढून 'खडखड' आली, की मेकॅनिक पटकन म्हणतो, "शॉकर गेले, सगळा सेट टाका." लगेच हो म्हणू नका. बारीक खड्ड्यांवर खडखड असेल तर आधी लिंक रॉड (सस्पेन्शनला स्टॅबिलायझर बारशी जोडणारी छोटी दांडी) बघायला सांगा. तो सगळ्यात स्वस्त पार्ट. ब्रेक मारताना 'धप्प' होत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट आली तर शॉकरचा वरचा माउंट. शॉकरवर तेल ओघळलेलं दिसलं तर मात्र तो गेलाच. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला.

लोअर आर्म सरळ असेल, बॉल जॉइंटला (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) खेळ नसेल, तर फक्त नवा बुश प्रेस मशीनवर बसवून काम भागतं. बॉल जॉइंट आर्ममध्येच असेल आणि तोही ढिला असेल, तर मग अख्खा आर्मच घ्या. पार्ट स्वस्तातला घेतला आणि लवकर गेला, तर मजुरी आणि अलाइनमेंट दोन्ही परत भरावे लागतात. आपल्या उन्हाळ्यात रबर तसंही तडकतं, त्यामुळे बुश आणि बॉल जॉइंटमध्ये कंजुषी नको. लिंक रॉड चांगल्या कंपनीचा, पण बाहेरचा (गाडीच्या कंपनीचा नसलेला) चालतो.

अजून एक, जे बरेच जण विसरतात: बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. चाक लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं नि लवकर फाटतं. जुने पार्ट मागून घ्या, बिलही.