फायब्रोनेक्टिन जिवाणूला चिकटते का, हे कसे तपासावे

सौम्य फॉर्मॅलिनने मारलेले स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणू बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) ३ वेळा धुऊन घ्यावेत. उष्णतेने मारल्यास पृष्ठभागावरील प्रथिनांची घडी मोडू शकते, म्हणून ती पद्धत मी टाळतो. धुतलेल्या जिवाणूंत बायोटिन (खूण म्हणून वापरायचा छोटा रेणू) जोडलेले शुद्ध मानवी फायब्रोनेक्टिन (रक्तात व ऊतींत आढळणारे प्रथिन) मिसळून ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवावे, पुन्हा धुवावे आणि बायोटिनला घट्ट चिकटणाऱ्या, एन्झाइमयुक्त स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाने रंग आणावा.

येथे फायब्रोनेक्टिन ओळखण्यासाठी प्रतिपिंड (अँटिबॉडी) वापरण्याचा मोह कटाक्षाने आवरावा, कारण या जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रोटीन ए हे प्रथिन बहुतेक प्रतिपिंडांना त्यांच्या शेपटाकडील एफसी भागाला घट्ट पकडते, आणि मग फायब्रोनेक्टिन मुळीच न घातलेली नळीसुद्धा रंगून निघते. चिकटण्याच्या जागा व्यापण्यासाठी बायोटिन नसलेले फायब्रोनेक्टिन सोबत भरपूर घातल्यावर रंग फिका पडला, तरच बंधन विशिष्ट मानावे.