पाऊस आला की मलवाहिनी तुंबते? मोठा पाइप टाकण्याआधी या चुका टाळा

जोराची सर येते, अर्ध्या तासात तळमजल्यावरच्या संडासातून पाणी उलटं वर येतं, रस्त्यावरच्या चेंबरची झाकणं उचलली जातात. मग बैठकीत एकच सूर लागतो: लाइन लहान पडते, मोठी टाका. कोरड्या दिवसांत तीच लाइन निम्मीसुद्धा भरत नाही, हे कुणी विचारत नाही. मलवाहिनी आणि पावसाळी गटार वेगवेगळी असतील, तर पावसानं मलवाहिनी भरायचं कारणच नाही. भरते, म्हणजे पाणी कुठून तरी आत घुसतंय.

किती घुसतं, याचा एक साधा हिशेब मी नेहमी मांडतो. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासात ५,००० लिटर. त्याच घरातल्या पाच माणसांचं सांडपाणी माणशी १२० लिटर धरलं तर दिवसाला ६०० लिटर. म्हणजे छताचा एक पाइप चुकून मलवाहिनीला जोडला, तर आठ दिवसांचं सांडपाणी एका तासात येतं. गल्लीत अशी दहा घरं निघाली, तर व्यासाची चर्चा पुढं ढकललेलीच बरी.

शिरकाव आणि पाझर एकाच पोत्यात भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. थेट शिरकाव होतो तो छताच्या पाइपांतून, अंगणातल्या जाळ्यांतून, झाकणांच्या भोकांतून आणि चुकून जोडलेल्या पावसाळी गटारांतून. पाझर येतो जमिनीतून: तडे, सुटलेले सांधे, मॅनहोलच्या विटांमधल्या फटी. दोघांचे इलाज वेगळे. शिरकाव जोडणी तोडून थांबतो. पाझरासाठी लायनिंग (पाइपाला आतून अस्तर) आणि सांधेदुरुस्ती लागते. छपरांच्या पाण्यानं तुंबणाऱ्या लाइनला आतून कितीही महागडं अस्तर लावा, पुढच्या पावसात ती तशीच तुंबणार.

फरक लाइनमधल्या प्रवाहाच्या आलेखावर दिसतो. पावसाबरोबर प्रवाह काही मिनिटांत उसळला आणि पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत बसला, तर शिरकाव. हळूहळू चढला आणि दिवसेंदिवस उतरलाच नाही, तर पाझर. टोकदार उसळी आणि मागं लांब शेपूट दिसलं, तर दोन्ही आहेत. पहाटे दोन ते चार या वेळेतला प्रवाहही बघा. माणसं झोपलेली असतात, तेव्हा वाहतं ते बहुतेक भूजलच. मात्र त्या भागात रात्रपाळीचे कारखाने असतील किंवा पाणी पहाटे सोडत असतील, तर हा आकडा फसवतो.

चपट्या माथ्याला कमाल प्रवाह समजणं

ही चूक अनुभवी माणसंही करतात. मोठ्या पावसात आलेख चढतो आणि एका आकड्यावर सपाट होतो. अहवालात तोच ‘कमाल प्रवाह’ म्हणून लिहिला जातो. खरं तर तिथं लाइनची किंवा पंपांची क्षमता संपलेली असते आणि उरलेलं पाणी वरच्या मॅनहोलमधून रस्त्यावर चाललेलं असतं. त्या आकड्यावर आखलेली नवी लाइन जन्मतःच तोकडी असते. म्हणून प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या नोंदीशेजारी कुठलं मॅनहोल किती वाजता वाहू लागलं, याची नोंद हवी.

मीटर वळणालगत किंवा गाळ साचलेल्या जागी बसवू नका. पर्जन्यमापक त्याच भागात हवा आणि दर पाच मिनिटांची नोंद हवी. दिवसाच्या एकूण पावसावरून उसळीचा उलगडा होत नाही. मीटरला पैसे नसतील, तर पंपिंग स्टेशनच्या वहीत पंप किती तास चालले ते बघा. पावसाच्या आणि कोरड्या दिवसांच्या तासांची तुलना फुकटात पहिला अंदाज देते. फक्त दोन पंप एकाच वाहिनीत एकत्र चालले की प्रवाह दुप्पट होत नाही, हे ध्यानात ठेवा.

व्यास वाढवून सुटलो असं मानणं

३०० मिमीच्या जागी ३७५ मिमीचा पाइप त्याच उतारावर सुमारे १.८ पट पाणी नेतो. आकडा मोहात पाडतो. पण मोठ्या पाइपाला कमी उतार चालतो म्हणून खोदाई वाचवायला उतारही कमी धरला जातो. मग कोरड्या दिवसांत वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जातो, गाळ बसतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि त्यातून बनणारं आम्ल काँक्रीटच्या पाइपाचा माथा खातं.

शिवाय पाणी नाहीसं झालेलं नसतं, फक्त खालच्या वस्तीत लवकर पोचतं. तिथून पंपांवर आणि पुढं प्रक्रिया केंद्रावर. तिथल्या अंतिम टाकीतून मैला खाणाऱ्या जिवाणूंचा गाळ धुऊन गेला, तर केंद्र पूर्वपदाला यायला बरेच दिवस लागतात.

अशा वेळी कुणीतरी लंडनच्या टेम्स टाइडवेचा दाखला देतं: २५ किलोमीटरचा, ७ मीटरहून रुंद बोगदा. पण लंडनच्या जुन्या भागात मैला आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीत वाहतं. ज्यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत, त्यांनी आधी घुसखोरी तर शोधावी.

घरजोडण्या सोडून फक्त मुख्य लाइन दुरुस्त करणं

मुख्य लाइनला लायनिंग झालं की भूजलाची पातळी वर चढते आणि पाणी घरजोडण्यांतून, मॅनहोलमधून वाट काढतं. पैसे खर्च होतात, प्रवाह जेमतेम घटतो. म्हणून इथं एक गल्ली, तिथं एक गल्ली असं न करता एक छोटा भाग मॅनहोल आणि घरजोडण्यांसकट पूर्ण करा. शेजारचा तसाच भाग तुलनेसाठी न छेडता ठेवा. नाहीतर घट दुरुस्तीनं झाली की पाऊसच कमी पडला, हा वाद मिटत नाही. ही घट प्रत्यक्ष मोजण्याआधी नव्या लाइनच्या आकड्यातून वजाही करू नका.

चोरजोडण्या शोधायला धूर चाचणी (लाइनमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं) उत्तम, पण कोरड्या दिवसांत. ओल्या जमिनीतून धूर वर येत नाही. रहिवाशांना आणि अग्निशमन दलाला आधी कळवा. पाण्यानं भरलेल्या ट्रॅपमागची (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपामागची) जोडणीही धुरानं सापडत नाही. तिथं छतावर रंगीत पाणी ओतून खाली मॅनहोलमध्ये बघावं लागतं. आणि छताचं पाणी तोडण्याआधी ते जाणार कुठं, याची सोय करा. अंगणात तळं साचलं, तर माणूस रातोरात पाइप पुन्हा जोडतो, आणि त्याला दोष देणं कठीण आहे.

एकाच पावसावर मॉडेल जुळवणं

पावसानं वाहिन्यांत किती पाणी येईल याचं मॉडेल, म्हणजे संगणकी गणित, मांडणारं एसडब्ल्यूएमएम हे अमेरिकेत १९७१ पासून वापरात असलेलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण ते मॉडेल फक्त पहिल्या पावसाच्या मोजलेल्या प्रवाहाशी जुळवलं, तर पुढं चुकतं. तहानलेली जमीन आणि भिजून तृप्त झालेली जमीन सारखी वागत नाही. साठवण टाकी बांधायची असेल, तर कमाल प्रवाहाइतकंच पाण्याचं एकूण आकारमान लागतं. लागोपाठ दोन दिवस पाऊस झाला तर टाकी मध्ये रिकामी होते का, तेही तपासा.

झाकणं विसरणं

२५ मिमीच्या एका भोकावर पाच सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर मिनिटाला साधारण १७ लिटर आत जातं. अशी दोन भोकं असली, तर तासाला दोन हजार लिटर. सखल रस्त्यावरची झाकणं बदलणं किंवा उंच करणं हे सगळ्यात स्वस्त काम, म्हणून ते पहिल्या वर्षीच करून टाका. त्याच रस्त्यावरचं पावसाळी गटारही साफ करा. कारण पाणी गुडघ्याला लागलं की कुणीतरी पहार घेऊन मलवाहिनीचं झाकण उघडतं, आणि या पाण्याचा रकाना कुठल्याच आराखड्यात नसतो.