कॉलेज फुटबॉलची भरती आणि ट्रान्स्फर : या चुका टाळा

अमेरिकेत वाढणारा आपला मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात चमकू लागला की विद्यापीठांच्या ईमेल येऊ लागतात, आणि क्रिकेटवर पोसलेल्या आपल्यासारख्या आईबाबांना त्या ईमेलचे वजन नेमके किती, हे कळत नाही. पुढे तोच मुलगा विद्यापीठात जाऊन दोन वर्षांनी संघ बदलायचे म्हणतो, तेव्हा नियमांचे दुसरे जंगल समोर उभे राहते. या दोन्ही टप्प्यांवरच्या चुका येथे एकत्र मांडण्याचे कारण असे की, त्यांतील सर्वांत महागडी चूक मैदानावर होतच नाही. ती गुणपत्रकात दडलेली असते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. येथील नियम एनसीएएच्या, म्हणजे विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या, डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तराचे, २०२५-२६च्या हंगामापर्यंतचे आहेत.

भेटीचे निमंत्रण आणि त्याचा अर्थ

पहिली चूक म्हणजे शिबिराचे किंवा सामना पाहायला येण्याचे निमंत्रण हाच संघातील जागेचा किंवा शिष्यवृत्तीचा प्रस्ताव समजणे. अशा ईमेल शेकडो मुलांना एकाच वेळी जाऊ शकतात, आणि शिबिराचे शुल्क तर आपणच भरायचे असते. नियमांच्या दृष्टीने भेटी दोन प्रकारच्या आहेत. अनौपचारिक भेटीत प्रवास, मुक्काम आणि जेवण स्वखर्चाने करावे लागते आणि अशा भेटींच्या संख्येवर बंधन नसते. अधिकृत भेटीचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः विद्यापीठ करते, आणि म्हणूनच तिला मर्यादा आहेत.

पूर्वी एका खेळाडूला एकूण पाचच अधिकृत भेटी घेता येत. ती एकूण मर्यादा १ जुलै २०२३ पासून उठली. मात्र एका विद्यापीठाला अशी भेट एकदाच देता येते आणि तिचा मुक्काम दोन रात्रींपुरताच असतो. भेटीनंतर तेथील मुख्य प्रशिक्षक बदलला, तरच दुसरी भेट मिळू शकते. फुटबॉलमध्ये अधिकृत भेटींचा हंगाम अकरावीच्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत आणि त्यानंतर बारावीच्या सप्टेंबरपासून पुढे असतो. एप्रिलमध्येच हुरळून जाऊन आवडत्या विद्यापीठाची एकुलती एक अधिकृत भेट वापरून टाकणारी कुटुंबे नंतर हळहळतात, कारण वसंत ऋतूत दिसणारा संघ आणि जूनअखेरीस कोणत्या जागा खरोखर रिकाम्या आहेत हे कळल्यानंतरचा संघ यांत बराच फरक असतो. आधी स्वखर्चाने परिसर पाहून घ्यावा आणि अधिकृत भेट राखून ठेवावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

भेट ऐनवेळी रद्द होण्याची कारणे बहुधा साधी असतात. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी झालेली नसते, किंवा हायस्कूलचे गुणपत्रक विद्यापीठाकडे पोहोचलेले नसते. या दोन्ही गोष्टींशिवाय अधिकृत भेट देता येत नाही. तिसरे कारण म्हणजे दिनदर्शिका न पाहता काढलेली विमानाची तिकिटे. ‘डेड पिरियड’ चालू असताना प्रशिक्षकाला खेळाडूला प्रत्यक्ष भेटण्यास मनाई असते, अगदी विद्यापीठाच्या आवारातसुद्धा. फोन आणि संदेश तेवढे चालतात. ‘क्वाएट पिरियड’मध्ये भेटता येते, पण केवळ आवारात. हे कालखंड दरवर्षी जाहीर होतात, त्यामुळे न्यू जर्सीहून टेक्साससाठी चार तिकिटे काढण्यापूर्वी पाच मिनिटे त्यासाठी द्यावीत.

अधिकृत भेट हा एका अर्थाने कांदेपोह्यांचाच कार्यक्रम असतो. दोन्ही बाजू नीटनेटक्या कपड्यांत असतात, अडचणीचे प्रश्न कोणी विचारत नाही आणि निघताना तोंडभरून आश्वासने मिळतात. परंतु तोंडी प्रस्ताव म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तो विद्यापीठावरही बंधनकारक नसतो आणि मुलावरही नसतो. ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ ही खेळाडूला एका विद्यापीठाशी लेखी बांधून घेणारी जुनी पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता स्वाक्षरी झालेला आर्थिक साहाय्याचा करार हाच आधार आहे. खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्यातील तडजोडीला ६ जून २०२५ रोजी मंजुरी मिळाल्यानंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्त्या वाढू शकतात हे खरे, पण विनाशिष्यवृत्ती येणाऱ्या ‘वॉक-ऑन’ मुलांसाठी जागा आकसल्या, हेही तितकेच खरे. म्हणून भेटीत “माझ्या मुलाची जागा या १०५ जणांत धरलेली आहे का?” हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

नववीपासून चालणारे घड्याळ

डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षी खेळण्यासाठी हायस्कूलमधील १६ मूलभूत विषयांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) लागतो. सॅट किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण या पात्रतेसाठी २०२३ पासून लागत नाहीत. फसगत होते ती दुसऱ्या अटीत. या १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात, त्यांतील ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञान यांतले असावे लागतात, आणि या दहांचे गुण त्याच क्षणी गोठतात. नंतर तोच विषय पुन्हा घेऊन सरासरी सुधारता येत नाही. शिवाय विषय शाळेच्या एनसीएए-मान्य यादीत असावा लागतो. शाळेने श्रेय दिले म्हणजे एनसीएए देईलच असे नाही. पुण्याहून किंवा नागपूरहून दहावी-अकरावीत अमेरिकेत आलेल्या मुलांच्या बाबतीत लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, भारतातील नववीपासूनचे शिक्षणही हिशेबात येते, म्हणून त्या वर्षांची गुणपत्रके येतानाच बरोबर आणावीत.

ट्रान्स्फर : परवानगी मिळाली, पात्रतेचे काय?

ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायचे तरी जुन्या विद्यापीठाची परवानगी लागे. एप्रिल २०२१ मध्ये फुटबॉलपटूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि न्यायालयीन लढाईनंतर एप्रिल २०२४ मध्ये ‘एकदाच’ ही अटही गेली. या बातम्यांतून अनेकांनी असा अर्थ काढला की आता कधीही, कितीही वेळा, कोठेही जाऊन खेळता येते. नियमाचा उत्तरार्ध मात्र कोणी वाचत नाही : जुने विद्यापीठ सोडताना खेळाडू शैक्षणिकदृष्ट्या पात्र असला पाहिजे, आणि नव्या विद्यापीठातील पदवीच्या दिशेने त्याची पुरेशी प्रगती झालेली असली पाहिजे.

ही प्रगती टक्क्यांत मोजली जाते. तिसऱ्या वर्षात प्रवेश करताना पदवीचा ४० टक्के, चौथ्या वर्षात ६० टक्के आणि पाचव्या वर्षात ८० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो. समजा, तीन वर्षांत एका मुलाने ८० क्रेडिट (अभ्यासक्रमांचे श्रेयांक) मिळवले आहेत. नवे विद्यापीठ त्यांतील ७४ मान्य करते आणि घरचे निश्चिंत होतात, कारण १२० क्रेडिटच्या पदवीसाठी ६० टक्के म्हणजे ७२ पुरतात. पण त्याने निवडलेल्या नव्या शाखेच्या पदवीला त्यांतील ६०च लागू पडतात, उरलेले ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला राहतात. हिशेब ५० टक्क्यांवर अडतो आणि धडधाकट खेळाडू बाकावर बसतो. क्रेडिट मान्य होणे आणि पदवीला लागू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रशिक्षकाला हा फरक ठाऊक असेलच असे नाही; त्याचे ते कामही नाही. स्वाक्षरीपूर्वी नव्या विद्यापीठाच्या शैक्षणिक सल्लागाराकडून, ठरलेल्या शाखेनुसार, लेखी हिशेब मागून घ्यावा.

फुटबॉलसाठी आणखी एक अट आहे. शरद सत्रात किमान ९ क्रेडिट उत्तीर्ण न झाल्यास पुढच्या हंगामातील पहिल्या चार सामन्यांवर पाणी सोडावे लागू शकते. जाणारच आहोत, मग डिसेंबरची परीक्षा कशाला, असा विचार करणारी मुले नेमकी येथे अडकतात.

वेळेच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबणे घातक आहे. पोर्टलमध्ये नाव देण्यासाठी डिसेंबर आणि एप्रिल अशा दोन खिडक्या आता राहिलेल्या नाहीत. २०२६ साठी २ ते १६ जानेवारी ही एकच मुख्य खिडकी ठेवण्यात आली. मुख्य प्रशिक्षक बदलल्यास वेगळी, १५ दिवसांची मुदत मिळते, आणि ती नव्या प्रशिक्षकाची नियुक्ती झाल्यावर पाच दिवसांनी सुरू होते. ही मुदत पोर्टलमध्ये नाव देण्याची आहे, नवे विद्यापीठ निवडण्याची नाही. नाव मात्र खेळाडू स्वतः चढवत नाही. त्याने विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) कार्यालयाला लेखी कळवायचे आणि कार्यालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत नोंद करायची, असा क्रम आहे. सोळा तारखेपर्यंत वाट पाहणाऱ्याला खेळाच्या नियमाने अडवले नाही, तरी वसंत सत्राच्या प्रवेशाची तारीख उलटून गेलेली असू शकते.

नाव दिल्यावर जुने विद्यापीठ त्या सत्राच्या अखेरीस शिष्यवृत्ती थांबवू शकते, आणि विचार बदलून नाव मागे घेतले तरी परत घेण्यास ते बांधील नसते. विद्यापीठाशी पैशांचा करार झालेला असेल तर गुंतागुंत आणखी वाढते. कॉर्नरबॅक (बचावफळीतील खेळाडू) झेवियर लुकासचे नाव पोर्टलमध्ये नोंदवण्यास विस्कॉन्सिनने नकार दिला, तेव्हा तो २०२५च्या जानेवारीत पोर्टलशिवायच मायामीला गेला, आणि त्यावरून विस्कॉन्सिनने मायामीवर दावा लावला. एच-४ (आश्रित) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरील मुलांनी तर असा कोणताही करार इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय करू नये, कारण खेळाच्या नियमांनी दिलेली कमाईची मुभा व्हिसाच्या नियमांना लागू होत नाही.

टक्केवारी कमी पडल्याचे आधीच कळले, तर मार्ग असतात. उन्हाळी सत्रातील क्रेडिट टक्केवारीत धरले जातात, म्हणून मे महिन्यात लक्षात आलेली सहा क्रेडिटची तूट ऑगस्टपूर्वी भरून काढता येते. तूट मोठी असेल, तर जुने विषय अधिक संख्येने लागू पडतील अशी शाखा निवडता येते, मग ती मुलाच्या मनातली पहिली शाखा नसली तरी. शंका उरली असेल, तर तो प्रश्न नव्या विद्यापीठाच्या कंप्लायन्स कार्यालयाला ईमेलने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे.