इंजिनाचा कोड वाचायचा कसा

पार्ट मागायला येणारा माणूस गाडीचं नाव सांगतो, वर्ष सांगतो, ‘पेट्रोल, दोन लिटर’ म्हणतो आणि थांबतो. काउंटरच्या या बाजूने माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इंजिनाचा कोड काय? एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या गाडीत दोन-तीन वेगळी इंजिनं सर्रास येतात. हेड गॅस्केट गाडीच्या नावावरून नाही, इंजिनावरून द्यावं लागतं. डिकीवरच्या ‘टीएसआय’सारख्या अक्षरांवर विसंबू नका. ते विक्रीचं नाव आहे, त्याखाली फोक्सवॅगनची निरनिराळी इंजिनं येतात.

आधी कोड शोधा. बॉनेटखाली, बऱ्याचदा फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर), एक पाटी किंवा स्टिकर असतं. ते नसेल तर ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाकडे, वळा. गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ किंवा हेडच्या (ब्लॉकवर बसणाऱ्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) जरा खाली एक छोटी, मशीन मारलेली सपाट जागा सापडते, कोड आणि क्रमांक तिथे ठोकलेले असतात. इंजिन थंड असताना तेलाचा थर ब्रेक क्लीनरने काढा, पितळी ब्रश हलकेच फिरवा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरकी धरा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि आठ आहे की बी, शून्य आहे की ओ, हे कळतं. ब्लॉकवर उठावाचे मोठे आकडेही दिसतील. ते बहुधा ओतकामाचे असतात. कोड म्हणून ते लिहून आणू नका.

आता वाचन. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे एकीचा नियम दुसरीला लावलात की चुकीचा पार्ट घरी जाणार.

टोयोटाची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण जुन्या कोडमधलं जवळजवळ प्रत्येक अक्षर काहीतरी सांगतं. २जेझेड-जीटीई घ्या. ‘जेझेड’ हे घराणं आणि २ म्हणजे त्या घराण्यातलं दुसरं इंजिन. दोन लिटर नव्हे! हे इंजिन २९९७ सीसीचं आहे, १जेझेड अडीच लिटरचं. डिझेलच्या जीडी घराण्यात नेमकं उलट: १जीडी २.८ लिटरचं, २जीडी २.४ लिटरचं. म्हणजे पहिल्या आकड्यावरून माप काढायचंच नाही. डॅशनंतरची अक्षरं हेड आणि इंधनाची. टी म्हणजे टर्बो, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, व्ही म्हणजे कॉमन रेल डिझेल. प्रियसच्या १एनझेड-एफएक्सईमधला एक्स हायब्रिडसाठीच्या अ‍ॅटकिन्सन सायकलचा, म्हणजे इंधन वाचवणाऱ्या पद्धतीचा.

जी आणि एफ यांतला फरक मात्र नीट समजून घ्या. ४ए-जीई आणि ४ए-एफई, दोन्ही १५८७ सीसी, दोन्हींना दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). पण जीच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह एकमेकांपासून जास्त फाकलेले असतात आणि टायमिंग बेल्ट दोन्ही कॅमशाफ्ट स्वतः फिरवतो. एफमध्ये व्हॉल्व्ह एकमेकांच्या जवळ असतात, बेल्ट एकच कॅमशाफ्ट फिरवतो आणि दुसरा त्याच्यावरच्या गिअरने फिरतो. ब्लॉक एकाच घराण्याचा, तरी हेडचं सामान वेगळं. आणि खरी मेख पुढे आहे: ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरात फक्त ‘२जेझेड’ आणि क्रमांक असतो. जीई की जीटीई, हे फायरवॉलवरची पाटी सांगते. सुटं इंजिन विकत घेताना ही पाटी सोबत नसते, म्हणून हेड आणि टर्बोची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

टोयोटाच्या नव्या इंजिनांत माप कोडमध्येच आलं. ए२५ए-एफकेएस म्हणजे अडीच लिटर.

निसानचा कोड सरळ वाचता येतो. आरबी२६डीईटीटी: आरबी घराणं, २.६ लिटर, डी म्हणजे दोन कॅमशाफ्ट, ई म्हणजे इंजेक्शन, शेवटी दोन टर्बो. इथे नसलेलं अक्षरही वाचायचं असतं. केए२४ई आणि केए२४डीई दोन्ही २.४ लिटरची, पण पहिल्यात डी नाही, म्हणजे एकच कॅमशाफ्ट.

होंडा, सुझुकी, सुबारू यांचं सोपं आहे. अक्षर घराण्याचं, आकडा लिटरचा: के२०ए दोन लिटर, के१५बी दीड, ईजे२५ अडीच. फक्त होंडाचा ‘के’ आणि सुझुकीचा ‘के’ यांचं काही नातं नाही, हे लक्षात ठेवा.

मित्सुबिशी सिलिंडरपासून सुरुवात करते. ४जी६३ म्हणजे चार सिलिंडर, जी म्हणजे पेट्रोल. ६३ हा लिटरचा आकडा नाही, इंजिन १९९७ सीसीचं आहे. ४डी५६मधला डी डिझेलचा. ह्युंदाईत इंधन आधी येतं: जी४एफसी पेट्रोल, चार सिलिंडर, एफ घराणं, आणि शेवटचं अक्षर मापाचं. सी असेल तर १५९१ सीसी, ए असेल तर १३९६.

बीएमडब्ल्यूच्या नव्या इंजिनांची बांधणी कोडमधूनच दिसते. बी३८ला तीन सिलिंडर, बी४८ला चार, बी५८ला सहा. मापं १४९९, १९९८ आणि २९९८ सीसी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर सुमारे ५०० सीसीचा. पुढे बी२० किंवा डी२० असं येतं: बी पेट्रोल, डी डिझेल, २० म्हणजे दोन लिटर. सुरुवातीला एस दिसला तर ते एम विभागाचं, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्यांच्या शाखेचं इंजिन.

मर्सिडीजचं एम म्हणजे पेट्रोल, ओएम म्हणजे डिझेल, आणि पुढचे तीन आकडे घराण्याचे. फोक्सवॅगनमध्ये ईए८८८ हे घराण्याचं नाव झालं. पार्टसाठी मला इंजिनावरची तीन-चार अक्षरं लागतात, कारण एकाच ईए८८८च्या वेगवेगळ्या ताकदीच्या आवृत्त्यांना वेगळी अक्षरं असतात.

कधी एकच इंजिन अनेक नावांनी फिरतं. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल सुझुकीत डी१३ए होतं, ओपेलमध्ये झेड१३डीटी. रेनोचं के९के मर्सिडीजमध्ये ओएम६०७ म्हणून आलं. सुबारूचं एफए२० टोयोटाने ८६मध्ये ४यू-जीएसई म्हणून बसवलं. हे माहीत असेल तर एकाकडे नसलेला पार्ट दुसऱ्या नावाखाली मिळू शकतो. मात्र माउंटिंग, पाइप, वायरिंग वेगळं असू शकतं, तेव्हा जुना तुकडा शेजारी ठेवून जुळवूनच घ्या.

आणि कोडसोबत वर्ष सांगाच. जनरल मोटर्सने ‘एलटी१’ हे नाव कॉर्व्हेटमध्ये तीनदा वापरलं आहे: १९७०मध्ये, १९९२मध्ये आणि पुन्हा २०१४मध्ये. पहिली दोन ५.७ लिटरची, तिसरं ६.२चं, आणि तिन्ही वेगवेगळ्या पिढ्यांची इंजिनं.